खो-खोच्या सामन्यात प्रथमच पंच होणाऱ्या शिक्षकांस

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत शालेय क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. प्रथम केंद्रात, मग तालुक्याच्या ठिकाणी व शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी सामने होतात. या स्पर्धांसाठी मुलामुलींचे संघ तयार करण्याकडे आपण जितके लक्ष देतो, तितके पंच तयार करण्याकडे देत नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी जमलेल्या शिक्षकांपैकी कोणास तरी पुढे करून त्याच्या हाती शिट्टी दिली जाते. तो शिक्षक वर्गात कितीही निष्णात असला, तरी मैदानावर प्रथमच उभा राहिल्यामुळे गोंधळतो. अशा शिक्षकबंधुभगिनींना उपयोगी पडाव्यात म्हणून पुढील सूचना एकत्र केल्या आहेत. खो-खो हा आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांत अधिक खेळला जाणारा व सर्वांत कमी साहित्य लागणारा खेळ असल्याने येथे त्याचाच विचार केला आहे.

पंचाचे महत्त्व

खो-खो हा जुना देशी खेळ खरा. परंतु त्याला नियमबद्ध स्वरूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम तयार केले आणि त्यानंतरच गावोगावच्या संघांना परस्परांशी सामने खेळणे शक्य झाले. प्रत्येक गावाचा नियम निराळा असेल, तर सामना होत नाही, नुसते भांडण होते. नियम आल्याबरोबर ते अमलात आणणारा त्रयस्थ मनुष्य आवश्यक ठरतो. तोच पंच होय.

अन्य देशांतील खेळांचा अनुभवही असाच आहे. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. त्याने केलेल्या मूळच्या तेराच नियमांत दोन पंचांची तरतूद होती. एकाने खेळाडूंच्या वर्तनावर नजर ठेवावयाची व दुसऱ्याने चेंडूवर. एकाच मनुष्याला एकाच वेळी सर्व काही दिसत नाही, ही गोष्ट त्या शिक्षकाने आरंभीच ओळखली होती. खो-खोतही मैदान दोन पंचांत वाटलेले असते, ते याच कारणास्तव.

सामन्यापूर्वीची तयारी

पंचाचे काम शिट्टी वाजण्यापूर्वीच सुरू होते. प्रौढ गटाचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. दोन खांबांमधील अंतर २४ मीटर असून त्यांना जोडणारी मधली पाटी ३० सेंटिमीटर रुंद असते. खांबांची उंची जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटर असते. मधल्या पाटीला आठ आडव्या पाट्या छेदतात व त्या छेदांवर जे चौक होतात त्यांत आठ आक्रमक बसतात. नववा पाठलाग करतो. लहान गटांसाठी मैदानाची मापे व पाळीची वेळ कमी असते. मोठ्यांची पाळी ९ मिनिटांची, तर लहानांची ७ मिनिटांची असण्याचा प्रघात आहे. नियमांत वेळोवेळी फरक होत असतात. यास्तव चालू वर्षाची नियमपुस्तिका स्पर्धेपूर्वी संयोजकांकडून मिळवून वाचावी. शाळेच्या कपाटातील जुन्या पुस्तिकेवर विसंबू नये.

आपल्या भागातील मैदाने बहुधा काळ्या मातीची असतात. पावसाळा संपला की त्यांना भेगा पडतात. मुले अनवाणी धावतात, त्यामुळे भेगेत पाय अडकून घोटा मुरगळण्याचा संभव असतो. आदल्या दिवशी भेगा मातीने बुजवून व पाणी मारून जमीन चोपून घ्यावी. खडे व काटे वेचावेत. फक्कीच्या रेषा ठसठशीत मारून घ्याव्यात. अस्पष्ट रेषा हे निम्म्या भांडणांचे मूळ असते. खांब हाताने हलवून पाहावा. त्यावर खिळा, ढलपी किंवा तीक्ष्ण कंगोरा असता कामा नये, कारण मुले त्याला धरूनच वळतात. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही संघनायकांना व त्यांच्या शिक्षकांना एकत्र बोलावून पाळीची वेळ, मैदानाच्या हद्दी व स्थानिक अडचणी, जसे की रेषेजवळचे झाड किंवा ओटा, स्पष्ट सांगून टाकाव्यात. आरंभी सांगितलेली गोष्ट नियम म्हणून मान्य होते. तीच मध्येच सांगितली तर पक्षपात वाटतो.

कोठे उभे राहावे, काय पाहावे

मधल्या पाटीने मैदानाचे दोन भाग होतात. प्रत्येक पंचाने आपल्या भागाच्या बाहेरच्या बाजूस, धावणाऱ्यांना अडथळा होणार नाही असे उभे राहावयाचे आणि खेळाबरोबर सरकत राहावयाचे. आपल्या भागातील निर्णय आपण द्यावा. दुसऱ्या भागातील निर्णय सहकाऱ्यावर सोपवावा. त्याने विचारले तर मात्र आपण जे पाहिले ते सांगावे. दोघांत मतभेद झाल्यास सरपंचाचा निर्णय अखेरचा समजावा. येथे सरपंच म्हणजे सामन्याचा प्रमुख पंच. गावच्या सरपंचाचा, ते मैदानावर हजर असले तरी, या निर्णयाशी संबंध नाही!

नवा पंच बहुधा पळणाऱ्या संरक्षकाकडे पाहत राहतो. हुलकावण्या देणारे चपळ मूल पाहण्यात सर्वांनाच आनंद असतो. परंतु तो आनंद प्रेक्षकांसाठी आहे. नियमभंग बहुतेक वेळा आक्रमकाकडून होतो, म्हणून पंचाची दृष्टी आक्रमकाचे पाय, खांदे व खो देणारा हात यांवर असली पाहिजे. पुढील गोष्टी विशेष पाहाव्यात.

१. खो पाठीमागून, हाताने स्पर्श करून व मोठ्याने उच्चारून दिला पाहिजे. स्पर्श व उच्चार एकाच वेळी झाले पाहिजेत. बसलेला गडी खो मिळण्यापूर्वी उठला, तर तो नियमभंग होय. लहान मुलांत हा सर्वांत अधिक आढळतो.

२. आडवी पाटी ओलांडून पुढे गेल्यावर मागे हात करून खो देता येत नाही. येथे पंचाने हाताकडे न पाहता पायाकडे पाहावे.

३. खो मिळालेला गडी ज्या बाजूस खांदे वळवून निघाला ती त्याची दिशा ठरली. त्यानंतर खांबापलीकडील क्षेत्रात पोहोचेपर्यंत त्याला उलट फिरता येत नाही.

४. पाठलाग करणाऱ्याने दोन खांबांमध्ये मधली पाटी ओलांडावयाची नाही. झेप घेताना किंवा तोल सांभाळताना पाऊल पाटीवर पडते, ते दिसण्यासाठी पंचाने पुढे झुकून पाहावे.

५. खो देणाऱ्याने लगेच रिकाम्या चौकात बसले पाहिजे, आणि शेजारशेजारच्या गड्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असली पाहिजेत.

संरक्षकाच्या बाबतीत मुख्यतः हद्दीकडे लक्ष ठेवावे. दोन्ही पावले हद्दीबाहेर गेली तर तो बाद होतो. एक पाऊल आत टेकलेले असेल तर नाही. संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. तिसरा बाद होताच पुढील तुकडीने विनाविलंब आत यावयाचे असते. या क्षणी गोंधळ फार होतो, म्हणून गुणलेखकाने पुढच्या तिघांची नावे अगोदरच तयार ठेवावीत.

शिट्टी व निर्णय

नियमभंग होताच आखूड शिट्ट्या लागोपाठ वाजवाव्यात व चूक सुधारली जाईपर्यंत थांबू नये. आक्रमकाने त्या इशाऱ्यानुसार वागावयाचे असते. नियमभंग करून एखादा गडी बाद केला असेल, तर तो बाद धरू नये. गडी नियमानुसार बाद झाला असेल तर ठळक शिट्टी देऊन हाताने स्पष्ट खूण करावी, म्हणजे गुणलेखकाला व दूरच्या प्रेक्षकांनाही निर्णय कळेल. आवाज पोहोचत नाही, पण खूण पोहोचते.

जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच द्यावे, हा पंचाचा पहिला धर्म होय. “बहुधा स्पर्श झाला असावा” असे वाटणे म्हणजे पाहणे नव्हे. आक्रमक हात वर करून जल्लोष करतो, त्याचे सवंगडी ओरडतात, आणि नवा पंच त्या आवाजाच्या भरात बाद देऊन मोकळा होतो. अशा वेळी शांत राहावे. संरक्षक खाली मान घालून आपणहून बाहेर निघाला, तर तोही एक पुरावा असतो. परंतु निर्णय पंचाचाच असावा. एखादा निर्णय चुकला असे तत्काळ ध्यानात आले, तर खेळ पुढे जाण्यापूर्वी सहकारी पंचाशी बोलून तो दुरुस्त करावा. मात्र झालेल्या चुकीची भरपाई म्हणून पुढे दुसऱ्या संघाविरुद्ध चुकीचा निर्णय कधीही देऊ नये. त्याने एक अन्याय मिटत नाही, दोन होतात.

आपल्याच शाळेचा संघ खेळत असेल, तर त्या सामन्यात पंच होण्यास नम्रपणे नकार द्यावा. केंद्रात शिक्षकांची संख्या कमी असल्याने हे नेहमीच शक्य होत नाही. तसे झाल्यास दुसरा पंच तिसऱ्या शाळेचा असावा व ही गोष्ट दोन्ही संघांना खेळापूर्वी सांगावी. निर्णयाविषयी आक्षेप असेल तर तो संघनायकाने मांडावा, इतरांशी चर्चा करू नये. प्रेक्षकांतून आलेल्या हाकांना उत्तर देणे म्हणजे त्यांना आणखी एक पंच नेमणे होय.

ज्यांच्या बाजूने ओरडणारे कोणी नाही, ती मुले

आता जी गोष्ट आपल्या जिल्ह्यातील शिक्षकाने इतरांपेक्षा अधिक ध्यानात ठेवावयास हवी, ती सांगावयाची आहे. समजा, धर्मापुरीस केंद्राचे सामने भरले आहेत. केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावी आसपासच्या खेड्यांतून संघ आले आहेत. ज्या गावी सामने असतात त्या गावचे लोक रेषेभोवती गर्दी करून उभे राहतात व आपल्या मुलांना उत्तेजन देतात. हे स्वाभाविक आहे. परंतु हा काळ ऊसतोडणीचा असतो. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे या सुमारास साखर कारखान्यांच्या भागात गेलेली असतात आणि त्यांची मुले आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा करीत असतात. बाहेरगावच्या संघात अशी दोनचार मुले असतातच. त्यांच्या बाजूने ओरडण्यास रेषेवर कोणीही नसते. पुढील वर्षी ती आईबापांबरोबर जातील की शाळेत राहतील, हेही निश्चित नसते. कदाचित हाच त्यांचा एकमेव सामना असेल.

गर्दीच्या आवाजाने पंचाचा हात थोडा जरी एका बाजूस झुकला, तरी त्याचा भार नेमका याच मुलांवर पडतो. पराभवाचे दुःख मूल चार दिवसांत विसरते. मोठ्या माणसाने आपल्याला फसविले, ही समजूत मात्र ते फार दिवस बाळगते. आणि शिट्टी फुंकणारा तो मोठा माणूस गुरुजी किंवा बाई असेल, तर त्या समजुतीची झळ शाळेलाही लागते. उलट, गर्दी ओरडत असताना पंचाने पाहुण्या मुलाच्या बाजूने खरा निर्णय दिला, तर न्याय म्हणजे काय हे नागरिकशास्त्राच्या धड्याहून त्याला अधिक स्पष्ट कळते.

मुलांशी बोलताना पंचाने आपण शिक्षक आहोत हे विसरू नये. चुकलेल्या मुलास सर्वांदेखत रागावू नये. चूक कोणती ते एका वाक्यात सांगावे. उपाशी आलेले किंवा धाप लागलेले मूल दिसल्यास त्याच्या शिक्षकास सूचना द्यावी. दुखापत झाल्यास खेळ तत्काळ थांबवावा. वेळ नंतर भरून काढता येते. मुलींच्या सामन्यात शक्यतो शिक्षिकांनी पंच व्हावे.

संधी कोठवर जाते

खेड्यातील या लहान सामन्यांतूनच मोठे खेळाडू तयार होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताचे महिला व पुरुष हे दोन्ही संघ नेपाळला नमवून विजयी झाले. विजयी महिला संघाची नायिका प्रियंका इंगळे ही मूळची आपल्या बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची होय. प्रत्येक मूल तेथवर जाणार नाही. परंतु कोणते जाईल हे केंद्राच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या पंचाला ठाऊक नसते. म्हणून त्याने प्रत्येकास सारख्याच काळजीने पाहिले पाहिजे.

शेवटी एक सुलभ उपाय सुचवावासा वाटतो. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधीपासून प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांचे चारपाच सराव सामने स्वतः शिट्टी घेऊन चालवावेत. वरच्या वर्गातील दोन मुलांना गुणलेखक व वेळाधिकारी नेमावे, आणि सामना संपल्यावर कोणते निर्णय चुकले असे मुलांना वाटले ते त्यांनाच विचारावे. मुले या बाबतीत फार स्पष्टवक्ती असतात. त्यांचे ऐकून घेतलेला शिक्षक केंद्राच्या मैदानावर गोंधळणार नाही.