इंजिन मेलेलं नाही, नंबर हरवलाय!



मॉडेल रेल्वेचं सामान विकायला लागलात की एक वाक्य ठरलेलं ऐकू येणार: "दादा, इंजिन हलतच नाही. डीकोडर उडाला वाटतं." चेहरा पडलेला असतो, कारण ते इंजिन बहुधा जर्मनीहून किंवा अमेरिकेहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं असतं. तुमच्यापुढे तेव्हा दोन रस्ते असतात. नवा डीकोडर विकून मोकळं व्हायचं, किंवा आधी जुन्यालाच विचारायचं, "बाबा, तुझा नंबर काय?" व्हिडिओत हे घाईत झालं, म्हणून इथे निवांत लिहितो. आपल्याकडे हा छंद लहान आहे. पुण्यात कोथरूडला जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे बघून कितीतरी पोरं (आणि आजोबा) वेडे होतात, पण पुढे खरंच पैसे घालणारे थोडे, आणि ते सगळे एकमेकांना ओळखतात. चांगल्या इंजिनाला तुम्ही 'गेलं' म्हणालात, तर ती बातमी आठवड्यात सगळीकडे जाते.

नव्या लोकांसाठी थोडं मागचं. जुन्या पद्धतीत रुळांत जेवढं व्होल्टेज सोडाल तेवढ्या वेगाने इंजिन पळायचं. एकाच रुळावर दोन असली तर दोन्ही पळणार. डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळांत वीज कायम चालू असते आणि त्याच विजेतून संदेश जातात: 'तीन नंबर, पुढे चल'. प्रत्येक इंजिनातला डीकोडर सगळं ऐकतो, पण स्वतःच्या नंबरचं तेवढंच मानतो. मूळ काम जर्मनीतल्या लेन्झ कंपनीचं. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात त्यावरून सगळ्यांसाठी एक प्रमाण ठरवलं. म्हणून एका कंपनीच्या कंट्रोलरवर दुसऱ्या कंपनीचा डीकोडर चालतो. छोट्या दुकानदाराला याहून मोठी सोय नाही, चार कंपन्यांचा माल ठेवला तरी कंट्रोलर एकच पुरतो. (मार्कलिनची भाषा वेगळी, तिच्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू.)

कारखान्यातून आलेल्या डीकोडरचा नंबर असतो ३. सगळ्यांचाच. त्यामुळे पहिलं इंजिन नेलेलं गिऱ्हाईक खूश असतं, आणि दुसरं नेलं की रात्री फोन येतो: "एक बटण दाबलं की दोन्ही सुटतात!"

आता आतली गोष्ट. डीकोडरमध्ये नंबर घातलेले कप्पे असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये छोटा पत्ता, १ ते १२७. मोठा, चार आकडी पत्ता सीव्ही १७ आणि १८ मिळून बनतो. आणि दोघांपैकी कोणता पत्ता मानायचा, ते सीव्ही २९ ठरवतो. त्यात ३२ मिळवले की मोठा पत्ता चालू. बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही २९ ची किंमत ६ असते, मोठा पत्ता लावला की ती ३८ होते.

आपल्या लोकांना इंजिनावर लिहिलेला खरा नंबरच हवा असतो, आणि हौसेचं मोल असतं, नाही म्हणू नका. पण भारतीय इंजिनांचे नंबर पाच आकडी, आणि कंट्रोलर साधारण ९९९९ पर्यंतच घेतात. म्हणून शेवटचे चार घ्यायचे. समजा डब्ल्यूएपी-४ आहे, नंबर २२७०५, तर पत्ता २७०५. त्याला २५६ ने भागा: भागाकार १०, बाकी १४५. भागाकारात १९२ मिळवून २०२, ते सीव्ही १७ मध्ये. बाकी १४५, ती सीव्ही १८ मध्ये. कंट्रोलरच्या मेनूतून पत्ता लावलात तर हे गणित तो स्वतः करतो. गोंधळ होतो तो सीव्ही एकेक करून हाताने लिहिणाऱ्यांचा. सीव्ही १ मध्ये १२ लिहिलं, पण सीव्ही २९ मधले ३२ तसेच राहिले. डीकोडर अजून जुन्या मोठ्या पत्त्याची वाट बघतोय, आणि मालक १२ दाबून दाबून दमलाय. हेच ते 'मेलेलं' इंजिन.

दुसरा प्रकार जास्त फसवा. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका दोन इंजिनं घेऊन आले होते. दुसऱ्या एका दुकानात त्यांना दोन्ही डीकोडर बदलायला सांगितलं होतं. मी नंबर दाबला तर दिवा लागला, पण इंजिन जागचं हललं नाही. दिवा लागतोय म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि डीकोडर जिवंत आहे. सीव्ही १९ वाचला तर शून्य असायला हवा, तिथे ५ निघाले. कधीतरी दोन इंजिनं एकत्र जोडून एकच गाडी ओढायला लावली होती, आणि तो जोडीचा नंबर आतच राहिला होता. तो असेपर्यंत इंजिन वेगाचा हुकूम फक्त जोडीच्या नंबरवर ऐकतं. दोन्हीकडे शून्य लिहिलं, दोन्ही धावली. काका दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसते फेऱ्या मोजत बसले.

हे सगळं प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर करायचं, म्हणजे मुख्य लेआउटपासून तोडलेल्या हातभर रुळावर. मुख्य रुळावरूनही सीव्ही लिहिता येतो, पण त्यासाठी इंजिनाचा नंबर माहीत लागतो, आणि आपल्याकडे तर तोच हरवलेला. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर नंबर लागत नाही, वर जे असेल त्या प्रत्येकाला हुकूम जातो. म्हणून तिथे एका वेळी एकच इंजिन. दोन राहिली तर दोघांना एकच नंबर! इथे करंटही मर्यादित असतो, त्यामुळे वायरिंग चुकलं तरी डीकोडर जळायचा धोका कमी. नवा बसवलेला डीकोडर आधी इथेच तपासा. डीकोडर उत्तर कसं देतो? मोटरला क्षणभर झटका देऊन जास्त करंट ओढतो, इंजिन किंचित थरथरतं. चाकं मळकी असली की हे उत्तर पोचत नाही आणि स्क्रीनवर एरर येतो. तेव्हा 'गेला' म्हणण्याआधी चाकं पुसा. मी तर चाकं पुसल्याशिवाय इंजिन ट्रॅकवर घेतच नाही.

रीसेटचा उपाय आहेच. अनेक डीकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिले की ते पुन्हा ३ नंबरवर येतात, पण माहितीपत्रक बघूनच करा, प्रत्येक कंपनीचं सारखं नसतं. मला हा उपाय सुरुवातीलाच वापरायला आवडत नाही. वेग, दिवे, आवाज, गिऱ्हाइकाने रात्री जागून जे जमवलेलं असतं ते पुसलं जाऊ शकतं. आधी वाचा, लिहून घ्या, मग पुसा.

आणि पैसे घ्या हो! पत्ता शोधून लावून द्यायचे मी इंजिनामागे २०० रुपये घेतो, दर भिंतीवर लावलाय. इंजिन चालू झालं नाही तर काही नाही. "पाच मिनिटांचं तर काम" असं कुणी म्हणालंच, तर हसून भिंतीकडे बोट दाखवायचं. फुकट केलंत तर पुढच्या वेळी गिऱ्हाईक तुमच्या डीकोडरचीही किंमत पाडून मागेल. इंजिन परत देताना डब्यात चिठ्ठी टाकतो: पत्ता, सीव्ही २९, सीव्ही १९, तारीख. तेच माझ्या वहीतही. चार जण एकाच लेआउटवर जमणार असतील तर आदल्या दिवशी फोन येतो, "तुमच्या वहीत बघून सांगा, कुणाचे नंबर सारखे आहेत का?" असे फोन करणारेच पुढचं इंजिन माझ्याकडे घेतात.

सुरुवातीला भांडवल फार नको. जेएमआरआय नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्यातल्या डीकोडरप्रोमध्ये सगळे सीव्ही एका पानावर दिसतात. लॅपटॉप आणि रूळ जोडणारा इंटरफेस मात्र विकत घ्यावा लागतो. तो कसा जोडायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर ओळखीत कुणाचं 'मेलेलं' इंजिन कपाटात पडलं असेल तर मागून आणून ठेवा.