पौंडाचा हिशेब पौंडातच हवा

गोव्यातील अनेक घरांत हल्ली एक गुणाकार हमखास मांडला जातो. मुलगा, मुलगी किंवा जावई इंग्लंडला निघाला की तेथील पगाराचे पौंड रुपयांत पालटून तो आकडा शेजारीपाजारी सांगितला जातो. पौंडामागे शंभराहून अधिक रुपये, म्हणजे साध्या गोदामातील कामालाही महिन्याला दोन लाखांच्या वर! हा गुणाकार चुकीचा नाही. परंतु भाडे, वीज, बस आणि पाव यांचा गुणाकार त्याच कागदावर कोणी मांडीत नाही, आणि परक्या मुलखात नव्याने पाऊल टाकणाऱ्याची फसगत नेमकी तेथेच होते.

१९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना मिळालेल्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या सवलतीने हजारो गोमंतकीय स्विंडन, साउथहॉल या गावांत जाऊन स्थिरावले. ज्या सत्तेला घालवण्यासाठी गोमंतकाने सत्याग्रह केले, तिच्याच पासपोर्टासाठी रांगा लागाव्यात, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर नवागतांसाठी ही वाट बंद झाली. आता जाणारे जातात ते आधी स्थायिक झालेल्या आप्ताच्या नात्याने, शिक्षणासाठी किंवा नोकरीच्या व्हिसावर. व्हिसावर जाणाऱ्या बहुतेकांचा खर्च विमानात बसण्यापूर्वीच सुरू होतो. आरोग्यसेवेचा अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यास ७७६, हा फेब्रुवारी २०२४ पासूनचा दर. आणि तो व्हिसाच्या साऱ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. तीन वर्षांसाठी निघालेल्या पतिपत्नींना त्यापायीच ६,२१० पौंड मोजावे लागतात.

आता पगार पाहू. २०२५-२६ या वर्षी २१ वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरलेले होते. आठवड्याला चाळीस तास काम बारा महिने मिळाले, असे धरले तर महिन्याला सुमारे २,११६ पौंड होतात. वर्षाच्या पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. त्यापुढे २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के राष्ट्रीय विमा. म्हणजे हाती पडतात सुमारे १,८१७ पौंड. निवृत्तिवेतनाची कपात सुरू झाली की त्यातूनही काही जातात. शिवाय चाळीस तासांची हमी सर्वांना नसते. एजन्सीमार्फत गोदामात लागलेल्याला या आठवड्यात पन्नास तास, तर पुढच्या आठवड्यात पंधरा, असेही घडते. आपल्याकडचा मनुष्य पन्नास तासांच्या आठवड्यावर संसार बेततो. बेत आखावा तो पंधरा तासांच्या आठवड्यावर. नोकरीच्या प्रारंभी कराची माहिती भरून दिली नाही तर करमुक्त मर्यादा न धरताच कर कापला जाऊ शकतो. जादा कापलेले पुढे परत मिळते हे खरे, पण घरमालक तोवर थांबत नाही.

घर हाच या हिशेबातील खरा राक्षस! एका खोलीचे भाडे महिन्याला ६०० पौंड धरा. इंग्लंडच्या २०१९ च्या कायद्याने सर्वसामान्य घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. ती होते ६९२ पौंड. पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे धरून, चूल पेटण्यापूर्वीच १,२९२ पौंड गेले! पगार महिनाअखेरीस होणार असेल तर तोवरचे अन्न आणि बसभाडेही गाठीचेच. ती अनामत घरमालकाने तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. त्याचा कागद मागून घ्यावा, भीड धरू नये. भाड्यात वीज, पाणी आणि कौन्सिल टॅक्स धरला आहे की नाही, हेही आधी विचारावे. धरला नसेल तर नगरपालिकेचा हा कर बहुधा दहा हप्त्यांत येतो. घरात एकच प्रौढ असेल तर त्यात २५ टक्के सूट मिळते. पण ती मागावी लागते. विजेचा मीटर पुष्कळ ठिकाणी आधी पैसे भरून चालवायचा असतो, आणि एक दिवाही न लावता त्याचा रोजचा स्थिर आकार चालूच राहतो. उन्हाळ्यात पोचलेल्याला डिसेंबरच्या थंडीत घर उबदार ठेवण्याचा खर्च दिसतच नाही.

मुंबईला जाणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती तरुणाला पूर्वी धोबीतलावच्या आसपास आपल्या गावचा कूड आधार देई. हिंदू तरुणाला गिरगावात कुणा आप्ताची खोली सापडे. पहिल्या महिन्याचा भार गाव उचलीत असे. स्विंडनमध्ये हे काम आज आप्तांच्या खोल्या करतात, पण एका खोलीत किती दिवस चौघांनी निजायचे? काम हुकले तर, व्हिसावरील बहुतेकांना तेथील सरकारी भत्तेही मिळत नाहीत.

आम्हांला अधिक चिंता वाटते ती मागे राहिलेल्या घराची. सोने तारण ठेवून, प्रसंगी भाटावर कर्ज काढून मुलगा पाठवलेला असतो. कर्जाचा हप्ता दुसऱ्याच महिन्यापासून. चवथीला माटोळी सजते तेव्हा नवे छप्परही हवे असते. मुलगा फोनवर सारे कुशल असल्याचे सांगतो आणि हुमणाच्या ताटाची आठवण काढीत पाव खाऊन कामावर जातो. हे लपवाछपवीचे नाटक दोन्ही बाजूंनी थांबायला हवे. निघण्यापूर्वी आईवडील आणि मुलगा यांनी एकत्र बसून पौंडांचा कागद करावा. त्यात घरचा हप्ता हा खर्च म्हणूनच लिहावा, उरलेल्या शिलकेवर सोडू नये. पहिली सहा महिने छपराचा विषय काढू नये. तीन महिन्यांचे भाडे व अन्न आणि परतीच्या तिकिटाचे पैसे, एवढी रक्कम बाजूला काढता येत नसेल तर जाणे एक वर्ष पुढे ढकलावे आणि त्या वर्षात ती जमवावी. परतीच्या तिकिटाचे पैसे मात्र मुलाच्या हाती न देता गोव्यातच, आईच्या खात्यात ठेवावेत.