ऋण काढून सण, तोही ५४० कोटी डॉलरचा!

संगणकाचा प्रोसेसर बनवणारी अमेरिकेची एएमडी आणि पडद्यावरच्या चित्रांची चिप बनवणारी कॅनडाची एटीआय. २४ जुलै २००६ रोजी पहिलीने दुसरीला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत ५४० कोटी डॉलर, त्यातले २५० कोटी मॉर्गन स्टॅनलीकडून कर्जाऊ. पुढच्या वर्षाचे हिशेब मांडताना एएमडीला या सौद्यातले सुमारे १६० कोटी डॉलर चक्क खोडून टाकावे लागले. थोडक्यात, भाव जास्त पडला होता.

आणि एटीआय ही काही पहिली पसंती नव्हतीच म्हणे. आधी चित्रचिपवाल्याच एनव्हिडियाशी बोलणी झाली. पण तिचे प्रमुख जेन्सन हुआंग यांची अट होती, एकत्रित कंपनीचा प्रमुख मीच होणार. तिथेच घोडं अडलं, असं सांगतात. एनव्हिडियाचा आजचा पसारा पाहिला की हा किस्सा एएमडीत कुणी हळूच तरी काढतं का, देव जाणे. गंमत म्हणजे आज एएमडीच्या प्रमुख असलेल्या लिसा सू या हुआंग यांच्या नात्यातल्याच.

दोन्ही चिप एकाच तुकड्यावर बसवायच्या, हा या खरेदीमागचा खरा बेत. नाव ठेवलं ‘फ्यूजन’. बोलायला सोपं, करायला महाकठीण. एएमडीचे प्रोसेसर तिच्या स्वतःच्या कारखान्यात बनायचे, तर एटीआयची चित्रचिप तैवानच्या टीएसएमसीकडे, वेगळ्याच पद्धतीने. दोन्हींचा मेळ बसवता बसवता २०११ उजाडलं. तेव्हा आलेल्या पहिल्या चिपपैकी एकीचं सांकेतिक नाव ‘ऑन्टारिओ’, म्हणजे एटीआयचं मुख्यालय ज्या प्रांतात होतं तोच. ती बनली कुठे? टीएसएमसीकडे! ज्याचे स्वतःचे कारखाने तोच खरा मर्द, अशी फुशारकी मारणाऱ्या संस्थापक जेरी सँडर्स यांच्या एएमडीने तोवर कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या ग्लोबलफाउंड्रीजकडे सोपवलेही होते.

कर्जाच्या ओझ्याखाली काय काय विकलं, ते विचारू नका. मोबाइलसाठीचा चित्रचिपचा विभाग २००९ मध्ये क्वालकॉमला दिला, फक्त साडेसहा कोटी डॉलरला. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपमधलं ‘अड्रीनो’ त्याच घराण्यातलं. एटीआयच्या चित्रचिपचं नाव ‘रेडिऑन’; त्याची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की ‘अड्रीनो’ होतं. तुमच्या खिशातला फोन स्नॅपड्रॅगनवर चालत असेल, तर एटीआयचा वारसा त्यातही आहे.

मग पैसा वसूल झाला कुठे? मला विचाराल तर गेमच्या डब्यांत. एटीआयचा तिथे आधीपासून वावर होता: निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर तिच्या नावाचा छोटासा स्टिकर असायचा, एक्सबॉक्स ३६० ची चित्रचिपही तिचीच. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन एकाच महिन्यात बाजारात आले. कट्टर वैरी, पण दोन्हींच्या पोटात एएमडीचीच जोडचिप. एकटा प्लेस्टेशन ४ साडेअकरा कोटींहून जास्त खपला. कंपनीचा शेअर दोन डॉलरच्या खाली गेला होता, त्या दिवसांत हे डबे बनवणाऱ्या गिऱ्हाइकांनीच तिला तगवलं.

प्रोसेसरमधली एएमडीची प्रतिस्पर्धी इंटेल, तिचीही तऱ्हा बघा. २०१७ मध्ये तिने जाहीर केलेल्या एका लॅपटॉपच्या चिपमध्ये स्वतःच्या प्रोसेसरशेजारी चित्रचिप होती ती एएमडीची, खास रेडिऑन. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये पैसे गुंतवायचं जाहीर केलं, दोघांनी मिळून प्रोसेसर आणि चित्रचिप एकत्र आणण्यासाठी. रक्कम ५०० कोटी डॉलर.