बोटावरचा आकडा आणि मनगटातले रक्त

गेल्या जानेवारीत अम्मीला दम लागला. तसा तो दर थंडीत लागतोच. अम्मीने बिडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षे चूल फुंकली. शेणी, काटक्या, पावसाळ्यात ओली लाकडे. डॉक्टर या आजाराला सीओपीडी म्हणतात. आम्ही घरात ‘अम्मीचा दमा’ म्हणत होतो. हे दोन आजार वेगळे आहेत, हेही आम्हाला तेव्हाच कळले.

जिल्ह्याच्या गावी नेले. वॉर्डात खाट मिळाली, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. बोटाला चिमट्यासारखे ऑक्सिमीटर होते, त्यावर आकडा ८९. कोरोनाच्या दिवसांत आपण सगळे एक गोष्ट पाठ करून बसलो आहोत : आकडा ९४ च्या खाली गेला की धावाधाव करायची. रात्री नर्सबाई दुसऱ्या खाटेपाशी होत्या, तेव्हा भाईजानने ऑक्सिजनची चावी हळूच वाढवली. आकडा ९७ झाला. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही सारे निश्चिंत झालो. अम्मीचा डोळा लागला. किती दिवसांनी शांत झोपली, म्हणून आम्ही खाटेपाशी कुणाला बोलूही दिले नाही.

फजरला हाक मारली तर ती उठेना. ‘हूं’ म्हणायची आणि पुन्हा डोळे मिटायची. आकडा मात्र ९७ च.

ड्युटीवरचे तरुण डॉक्टर आले. त्यांनी त्या आकड्याकडे पाहिलेही नाही. सरळ मनगट धरले आणि सुई मागितली. आमच्या थोरल्या आपाने त्यांचा हात अडवला. “अहो डॉक्टर, कालच एवढं रक्त नेलंत, आता परत कशाला?”

“ताई, कालचं शिरेतलं होतं. हे धमनीतलं लागतं. पाच मिनिटांत कळेल, थांबवू नका.”

आपाने हात सोडला. पण ती पाच मिनिटे आम्ही वाद घालण्यात घालवली असती तर काय झाले असते, हा विचार अजून अंगावर काटा आणतो.

ही तपासणी म्हणजे एबीजी, धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी. हाताच्या शिरेत जे रक्त असते ते शरीराला ऑक्सिजन देऊन परत निघालेले असते. फुप्फुस आपले काम किती करते आहे ते धमनीतल्या ताज्या रक्तावरूनच कळते. डॉक्टरांनी आधी मनगटाच्या दोन्ही बाजू दाबून, मग एक बाजू सोडून, पंजा पुन्हा लाल होतो का ते पाहिले; एका धमनीला इजा झालीच तर दुसरी हाताला पुरेल ना, याची ती खात्री. सुईत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असते. रक्त घेतल्यावर त्यातला हवेचा बुडबुडा लगेच काढतात, नाहीतर बाहेरच्या हवेने आकडे बदलतात. रक्त ठेवून दिले तरी बदलतात, कारण त्यातल्या पेशी ऑक्सिजन वापरतच असतात. म्हणून हे यंत्र दूरच्या प्रयोगशाळेत न ठेवता अतिदक्षता विभागात, रुग्णाजवळ ठेवतात.

चिठ्ठी आली. पीएच ७.२४; हवा ७.३५ ते ७.४५. कार्बन डायऑक्साइड ७८. हवा ३५ ते ४५. म्हणजे आम्ही जिला झोप समजलो ती गुंगी होती. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रक्त आम्लाकडे झुकले होते. जुन्या सीओपीडीच्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर हा वायू आणखी साचतो. त्यामुळे अशा रुग्णांत बोटावरचा आकडा साधारण ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. अम्मीचा ८९ ठीकच होता! हे आम्हाला वॉर्डात कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. बोटावरचे यंत्र ऑक्सिजन दाखवते, कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही.

ऑक्सिजन कमी केला, बायपॅपचा मास्क लावला. दोन तासांनी पुन्हा मनगट, पुन्हा चिठ्ठी : ७.३१. या वेळी आपाने स्वतः अम्मीचा हात धरून ठेवला. अस्रच्या सुमारास अम्मीने चहा मागितला.

अशीच फसगत मोठमोठ्या डॉक्टरांचीही झाली होती. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत. श्वासाच्या यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ पैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले दिसे, आणि डॉक्टरांना वाटे की रक्त आम्लारीधर्मी झाले आहे. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन म्हणाले, नाही, श्वास अपुरा पडून हा वायू साचतो आहे. त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून नळी घालून, हाताने फुगा दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने खाटेशेजारी बसून आठवडेच्या आठवडे फुगे दाबत राहिले. आम्ही शाळेत शिकवणारे. ती मुले डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण फुगा किती दाबायचा, हे रक्त तपासल्याशिवाय कसे कळणार? प्रयोगशाळेचे प्रमुख पौल अस्ट्रुप यांनी त्यासाठी पीएचवरून कार्बन डायऑक्साइड काढण्याची सोपी रीत बसवली. आजच्या यंत्राची सुरुवात तिथली.

रुग्णापाशी बसणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही सुई नेहमीच्या सुईपेक्षा जास्त दुखते. नंतर जागा निदान पाच मिनिटे घट्ट दाबून धरावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे आणि अधिक वेळ दाबावे. ऑक्सिजनच्या चावीला आपण हात लावू नये. कोणी लावलाच तर लपवू नये, कारण ऑक्सिजन किती चालू होता हे कळल्याशिवाय चिठ्ठीचा अर्थ लागत नाही. भाईजानने ते डॉक्टरांना सांगितले, मान खाली घालून का होईना. आपल्या रुग्णाचा आकडा किती हवा, हे पहिल्याच दिवशी विचारावे. ८८ ते ९२ सगळ्यांसाठी नसते.

घरचा ग्लुकोमीटर हीसुद्धा रुग्णाजवळचीच तपासणी, आणि तोही फसवतो. रमजानमध्ये आमच्या मामूंची साखर इफ्तारनंतर एकदम तीनशेच्या वर दिसली. घरात घबराट. हात साबणाने धुऊन, पुसून पुन्हा पाहिले तर १७०. बोटाला खजुराचा चिकटा होता.