चिकनकारीच्या गावांत यंत्र कुठे अडते

चिकनकारी म्हणजे मलमल, व्हॉइल, जॉर्जेट अशा तलम कापडावर सुईने केलेले लखनवी भरतकाम. त्याची बाजारपेठ लखनौच्या चौक आणि अमीनाबाद भागांत आहे. प्रत्यक्ष टाके मात्र बहुतांशी जिल्ह्यातल्या आणि लगतच्या जिल्ह्यांतल्या खेड्यांत, बायकांच्या हातून पडतात. अशाच खेड्यांचा सरोजिनी नगर हा लखनौ जिल्ह्याच्या आठ ग्रामीण ब्लॉकांपैकी एक, शहराच्या दक्षिणेला कानपूर रस्त्यालगतचा. यंत्रांची या परिसराला नवलाई नाही. अमौसीचा विमानतळ इथेच आहे. इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन 1972 साली स्थापन झालेला ‘स्कूटर्स इंडिया’ हा सरकारी कारखाना इथेच उभा राहिला, त्यातून ‘विजय सुपर’ स्कूटर व ‘विक्रम’ तीनचाकी बाहेर पडल्या आणि 2021 मध्ये तो बंद करायचे ठरले. याच नावाच्या तहसिलीत मे 2025 मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रांच्या जुळणीचा व चाचणीचा प्रकल्प सुरू झाला. अशा मुलखात भरतकाम करणाऱ्या बाईची अवजारे मात्र सुई, धागा आणि कापड ताणून धरणारी लहान रिंग एवढीच राहिली आहेत. याचे कारण ग्रामीण अज्ञानात शोधण्याची सवय जुनी आहे. खरे कारण धंद्याच्या रचनेत आहे.

एक कुर्ता तयार होताना तो पाच-सहा जणांच्या हातांतून जातो. व्यापारी कापड घेतो आणि शिंप्याकडून बेतून घेतो. मग छपाईवाला कोरीव लाकडी ठशांनी त्यावर नक्षी उमटवतो. हा रंग धुतल्यावर निघून जाणारा असतो, त्यामुळे नक्षी फक्त टाक्यांपुरती वाट दाखवते. छापलेले कापड ठेकेदारामार्फत गावात जाते. तिथेही एकच बाई सगळे काम करते असे नाही. टेपची हा साधा धावता टाका एकीचा, बखिया दुसरीची, तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री आणि बारीक गाठीचा फंदा तिसरीचा. जाळी काढणारी वेगळीच असते. बखियेत धागा कापडाच्या उलट बाजूने फिरतो आणि सुलट बाजूला त्याची फिकट सावली दिसते. जाळीत एकही सूत कापले जात नाही. सुईने ताणा-बाणा बाजूला सारून छिद्रे पाडतात आणि ती टाक्यांनी बांधून ठेवतात. भरून झालेले कापड परत शहरात येते, धोब्याकडे धुतले जाते, त्याला खळ आणि इस्त्री होते व मगच ते दुकानात पोचते.

या साखळीत यंत्र दोन्ही टोकांकडून आत आले. कापड गिरणीतून येते, शिलाईला विजेची मोटर लागली, विक्री मोबाइलवर गेली. मधला भाग कोरडा राहिला. त्यातला काही कोरडेपणा योग्यच आहे. संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र वरचा धागा आणि खालच्या बॉबिनचा धागा एकमेकांत अडकवून टाका घालते. त्यातून चिकनची नक्कल होते, पण बखियेची सावली किंवा हाताने मोकळी केलेली जाळी येत नाही. लखनौच्या चिकनकारीला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते हातकामाच्या आधारावर. तेव्हा सुईच्या जागी यंत्र आणणे म्हणजे ही कलाच संपवणे. सुधारणेला जागा आहे ती सुईच्या अवतीभोवती: उजेड, बैठक, चष्मा, ताण नीट धरणारी रिंग, अचूक छपाई, डाग न ठेवणारी धुलाई. यांतली एकही गोष्ट अवघड नाही, आणि तरीही त्या गावात सहजी पोचत नाहीत.

पहिला अडसर मालकीचा. बाईच्या हातात असलेले कापड तिचे नसते, नक्षी तिची नसते, कुर्ता शेवटी किती रुपयांना विकला हे तिला बहुधा कळतही नाही. मजुरी नगावर मिळते आणि तो दर ठेकेदार ठरवतो. समजा, चांगल्या रिंगमुळे काम लवकर उरकू लागले. दर टिकला तर बाईचा फायदा. पण काम वाटणारा एक आणि मागणाऱ्या अनेक, अशा ठिकाणी वाचलेला वेळ लवकरच दरातून कापला जातो. उलट नव्या साधनाच्या प्रयोगात कापडाला भोक पडले किंवा डाग लागला, तर ती रक्कम मजुरीतून वजा होते. धोका तिचा आणि नफा दुसऱ्याचा, अशा व्यवहारात प्रयोग न करणे हाच शहाणपणा ठरतो. ठेकेदाराकडून पुढाकाराची अपेक्षा करावी, तर त्यालाही घाई नसते: स्वस्त हात मुबलक असताना साधनावर पैसा घालण्याचे त्याला कारण उरत नाही.

याच्या उलट उदाहरण तेलंगणाच्या पोचमपल्ली भागातले आहे. तिथे इकत साडीसाठी बाण्याच्या धाग्याची ‘आसू’, म्हणजे विणण्याआधीची गुंडाळणी, घालावी लागे. एका साडीमागे हात हजारो वेळा मागेपुढे न्यावा लागे. चिंतकिंदी मल्लेशम या विणकराच्या मुलाने आईच्या खांद्याचे दुखणे पाहून वर्षानुवर्षे खटपट केली आणि 1999 मध्ये आसू घालणारे यंत्र पुरे केले. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे माग घरचा होता, साडी घरात पुरी होत होती, त्यामुळे दुखणे ज्या घराचे त्याच घराला वाचलेल्या कष्टाचे फळ मिळाले. महाराष्ट्रात येवल्याच्या हातमागावर जॅकार्ड चढू शकले तेही माग हे विणकराच्या घरात उभे असलेले भांडवल आहे म्हणून. चिकनच्या सुईला असे काही जोडता येत नाही, आणि जोडता आले तरी ते कोणी विकत घ्यायचे हा प्रश्न उरतोच.

दुसरा अडसर डोळ्यांचा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पांढऱ्यावर पांढरे काम, तेही स्वयंपाक, गुरे, मुले सांभाळून उरलेल्या वेळात, म्हणजे बरेचदा अपुऱ्या उजेडात. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. तेव्हा बाई मुर्री आणि जाळी सोडून मोठ्या टाक्यांकडे वळते आणि ऐन कसबाच्या वयात तिची मजुरी उतरते. आसामच्या चहामळ्यांतील कामगारांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळचा चष्मा दिलेल्या कामगारांची पानखुडणी चष्मा नसलेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी वाढलेली आढळली. पानखुडणीत एवढा फरक पडत असेल, तर एकेक सूत सरकवण्याच्या कामात चष्मा हेच पहिले यंत्र मानायला हवे. पण घरातले हे काम ‘फावल्या वेळातले’ समजले जाते, म्हणून त्यासाठी चष्म्यावर किंवा चांगल्या दिव्यावर खर्च करणे घरालाही चैन वाटते.

सरकारी योजना आहेत. उत्तर प्रदेशाच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत (जानेवारी 2018) लखनौसाठी चिकनकारी आणि जरी-जरदोजी निवडली गेली. सामाईक सुविधा केंद्राच्या खर्चाचा 90 टक्क्यांपर्यंतचा वाटा राज्य देते. पण त्यासाठी नोंदणीकृत संस्था, जागा आणि उरलेला वाटा आणावा लागतो. हे व्यापारी किंवा उद्योजक उभे करू शकतात. गावात विखुरलेल्या, एकमेकींशी ठेकेदारामार्फतच जोडलेल्या बायका सहसा नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज आहे. तिच्या 18 व्यवसायांत शिंपी आहे, धोबी आहे. भरतकाम हा व्यवसाय मात्र नाही. म्हणजे चिकनच्या साखळीतली दोन्ही टोके यादीत आली आणि ज्या हातामुळे या कापडाला नाव मिळाले तो हातच बाहेर राहिला. ही त्रुटी दुरुस्त होण्याजोगी आहे आणि व्हायलाच हवी.

छपाई आणि धुलाई यांचे अडसर निराळे आहेत. ठसा अचूक कोरता येईल, रंग सुधारता येईल, पण छपाईवाल्याला दर छापलेल्या नगाचाच मिळतो. धुलाई गोमतीच्या काठच्या धोब्यांवर चालते. सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते, आणि नदी सगळ्यांची असल्याने तो खर्च कोणाच्याच हिशेबात येत नाही.

जिथे बदल झाला तिथे आधी रचना बदलली. रुना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये लखनौत ‘सेवा’ संस्था सुरू केली. ठेकेदाराला वगळून बायकांना थेट काम आणि मजुरी देणे, विसरत चाललेले बारीक टाके पुन्हा शिकवणे आणि माल स्वतः बाजारात नेणे ही तिची पद्धत होती. आझमगढ जिल्ह्यातल्या मिजवान या कवी कैफी आझमींच्या गावात डिझाइनर मनीष मल्होत्रांच्या नक्षींवर चिकनकाम चालते. तिथेही डिझाइनर आणि कारागीर यांच्यातले अंतर कमी झाले. अशा ठिकाणी नवे टाके, नवे कापड, नवी मांडणी स्वीकारली जाते, कारण चांगल्या कामाची किंमत करणाऱ्याच्या हाती परत येते. मर्यादा भांडवलाची आहे. कापड घेतल्यापासून कुर्ता विकला जाईपर्यंत महिने जातात; तोवर मजुरी चुकती करावी लागते, आणि ही उचल देण्याची ताकद गावपातळीवर आजही मुख्यतः ठेकेदाराकडेच आहे.