तोंड फिरवलेलं इंजिन

फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये मागचं बाकडं उलगडलं की त्याचा बिछाना होतो. पाठीखाली गादी, गादीखाली पत्र्याचं झाकण आणि त्या झाकणाखाली इंजिन. दिवसभर डोंगर चढून आलेलं ते इंजिन निवताना टिक् टिक् वाजत असतं आणि त्याच्यावरच माणसं पाय पसरून झोपतात. इंजिन बघायचं असेल तर आधी अंथरूण गुंडाळायचं. ऑइल तपासायला मात्र माणसाला उठवावं लागत नाही. मागची नंबर प्लेट खाली ओढली की ती दारासारखी उघडते आणि आत ऑइलची पट्टी आणि ऑइल ओतायचं तोंड सापडतं.

ही गाडी १९७९ ची. फोक्सवॅगनच्या व्हॅनची ही तिसरी पिढी. युरोपात ती ‘टी३’ आणि अमेरिकेत ‘व्हॅनागन’. जर्मनीतल्या वीडेनब्रुक गावची वेस्टफालिया ही कंपनी तिच्यात शेगडी, बेसिन, पलंग आणि वर उघडणारं छप्पर बसवून द्यायची. आज अमेरिकेच्या रस्त्यांवर अशा ज्या गाड्या उरल्यात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांच्या बिछान्याखाली जर्मन इंजिन नाही. तिथं सुबारूचं जपानी इंजिन आहे. एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या गाडीत, तेही जणू तिथंच जन्मल्यासारखं कसं बसलं, हे समजून घ्यायला लागल्यापासून मला या गाडीचं वेडच लागलंय.

बिछान्याखाली इंजिन मावतं, कारण ते आडवं आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत सिलिंडर एका रांगेत उभे असतात आणि दट्टे वरखाली होतात. या इंजिनात दोन सिलिंडर डावीकडे झोपलेले, दोन उजवीकडे, मधे क्रँक. समोरासमोरचे दोन दट्टे एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. फुगडी घालणाऱ्या दोघी मागे रेलतात, पण पडत नाहीत. एकीचा तोल दुसरी धरून असते. तसंच इथं एका दट्ट्याचा धक्का समोरचा झेलतो, म्हणून हे इंजिन फार हादरत नाही. ही रचना कार्ल बेंझने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली. फोक्सवॅगनने ती बीटलमध्ये घेतली. तिकडे जपानात विमानं बनवणाऱ्या नाकाजिमा कंपनीच्या अवशेषांतून उभ्या राहिलेल्या सुबारूने १९६६ च्या ‘सुबारू १०००’ मध्ये तीच पत्करली. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. तरी वीस-पंचवीस वर्षांनी एकाचं इंजिन दुसऱ्याच्या जागेत मावेल असं निघालं.

बदलायची वेळ का आली, ते मूळ इंजिनाच्या पोटात आहे. फोक्सवॅगनची आडवी इंजिनं आधी वाऱ्यावर थंड व्हायची. १९८३ च्या मॉडेलपासून व्हॅनमध्ये पाण्याने थंड होणारं इंजिन आलं, पण त्याचा सांगाडा जुन्याच वळणाचा होता. सिलिंडरभोवती पाण्याचं दालन, आणि ते दालन बंद करायला ॲल्युमिनियमचं हेड आणि केसिंग यांच्यामध्ये रबराचा पट्टा. कूलंट वेळच्या वेळी बदललं नाही की त्या पट्ट्याखालचं ॲल्युमिनियम खड्डे पडून खाल्लं जातं आणि मग पाणी झिरपू लागतं. शिवाय अमेरिकेतल्या १.९ लिटर इंजिनाची ताकद अवघी ८२ अश्वशक्ती, आणि ओढायचं होतं दीड टनाहून जड असं एक घर. चढावर ट्रकही त्याला मागे टाकून जायचे.

सुबारूच्या लेगसी गाडीचं २.२ लिटरचं इंजिन १३० अश्वशक्तीच्या आसपास देतं. त्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तरी दट्टे आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटत नाहीत. इंजिन नुसतं बंद पडतं. नवा बेल्ट घाला आणि निघा. घरापासून हजार किलोमीटरवर झोपणाऱ्या माणसाला याहून मोठा दिलासा कोणता? याच घराण्यातल्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनाने १९८९ मध्ये ॲरिझोनात एक लाख किलोमीटरची धाव एकोणीस दिवसांच्या आत पूर्ण केली होती. तासाला सरासरी २२३ किलोमीटर!

आता खरी गंमत. सुबारूत इंजिन पुढे असतं. त्याची पुली गाडीच्या नाकाकडे, फ्लायव्हील मागे, त्याच्या मागे गिअरबॉक्स. व्हॅनमध्ये इंजिन शेपटीला, गिअरबॉक्स त्याच्या पुढे. म्हणजे तेच इंजिन व्हॅनमध्ये बसवताना अर्धा वळसा घेतं आणि त्याचं तोंड मागच्या रस्त्याकडे होतं. मग चाकं उलटी फिरणार नाहीत का? नाही फिरत. पुलीकडून पाहिलं तर दोन्ही कंपन्यांची इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरतात. गिअरबॉक्सला इंजिन कुणाचं आहे ते कळतच नाही. त्याच्या हाती पडणारं वळण तेच असतं.

हे किती नशिबाचं, ते शेवरोलेच्या कॉरव्हेअरवरून कळतं. साठच्या दशकातल्या त्या गाडीचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन हौशी लोकांनी फोक्सवॅगनमध्ये घातलं, पण ते उलट्या दिशेने फिरायचं. नुसतं जोडलं असतं तर गाडीला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार मिळाले असते! गिअरबॉक्स उघडून आतलं क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला बसवल्यावर गाडी सरळ चालायची.

दिशा जुळली तरी भोकं जुळत नाहीत. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट येते. तिच्यात काही भोकं सुबारूच्या मापाची, काही फोक्सवॅगनच्या. गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक फ्लायव्हीलच्या मधोमध एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकतं. क्रँक आणि तो दांडा केसभरही एका रेषेबाहेर गेले तर बेअरिंग आणि क्लच दोन्ही लवकर झिजतात. दोन देशांमधला सगळा व्यवहार या एका प्लेटवर चालतो. खाली सुबारूचं ऑइल चेंबर फार लोंबतं, दगडाला लागेल, म्हणून ते कापून उथळ आणि रुंद करतात.

मग पाणी. व्हॅनचा रेडिएटर नाकात आणि इंजिन शेपटीत, म्हणून दोन लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. त्यांतली हवा काढायला गाडीचं नाक उचलून धरावं लागतं. त्यात सुबारूचा थर्मोस्टॅट बसतो तो इंजिनात परत येणाऱ्या गार पाण्याच्या वाटेवर. गरम पाण्याचा एक ओघ सतत त्याच्यापर्यंत पोचत असेल तरच त्याला इंजिन तापल्याचं कळतं. सुबारूच्या स्वतःच्या गाडीत हीटरमधून फिरून येणारं पाणी हे काम करतं. व्हॅनच्या हीटरला मात्र बंद करायची तोटी आहे. ती बंद झाली की थर्मोस्टॅट गार पाण्यात स्वस्थ मिटून बसतो आणि इकडे इंजिन उकळतं. म्हणून जाणकार मिस्त्री त्याच्यासाठी गरम पाण्याची एक वेगळी, कायम उघडी नळी काढून देतात.

वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अख्ख्या लेगसीचं जाळं टेबलावर पसरून दिवे, काचा, एसीच्या वायरी एकेक करून सोडवायच्या आणि इंजिनाला लागतात तेवढ्याच ठेवायच्या. त्यातही सुबारूच्या कॉम्प्युटरला गाडीचा वेग कळायला हवा. नाहीतर इंजिनाचा दिवा पेटतो आणि सिग्नलपाशी गाडी हळू होताना इंजिन बंदही पडू शकतं. व्हॅनमध्ये वेग मोजणारी केबल निघते ती पुढच्या डाव्या चाकातून. त्या केबलच्या वाटेवर एक सेन्सर बसवायचा आणि त्याची खबर गाडीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या इंजिनाला द्यायची.

कायद्याचीही अट असते. कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं आणि धूर रोखणारी त्याची सगळी यंत्रणा सोबत यायला हवी. आपल्याकडे आरसी बुकात इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असे बदल परवानगीशिवाय करू देत नाही. पण इंजिन बदलणं हा फक्त हौशी लोकांचा उद्योग नव्हता. खुद्द फोक्सवॅगनने दक्षिण आफ्रिकेतल्या कारखान्यात याच व्हॅनमध्ये ऑडीचं पाच सिलिंडरचं इंजिन घालून ती २००२ पर्यंत विकली.

आणि आपल्याला या सगळ्याचं नवल वाटायला नको. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीने १९४९ मध्ये मॅटाडोर नावाची गाडी काढली तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचंच आडवं इंजिन होतं. फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन काढली आणि इंजिनं देणं थांबवलं, तेव्हा मॅटाडोरमध्ये हाइन्केलचं इंजिन आलं, नंतर इंग्लंडच्या ऑस्टिनचं. त्याच कंपनीशी हातमिळवणी करून आपल्याकडे बजाज टेम्पो उभी राहिली, पुढे आकुर्डीहून मॅटाडोर निघू लागल्या आणि ‘टेम्पो’ हा मराठीतला घरचा शब्द झाला. लहानपणी लग्नाचं वऱ्हाड मॅटाडोरमध्ये कोंबून निघायचं, तेव्हा त्या नावाच्या गाडीत किती कंपन्यांची इंजिनं येऊन गेलीत याची मला कल्पना नव्हती.

व्हॅनमध्ये सुबारू बसवून झाल्यावर काही मिस्त्री शेवटी एक काम आवर्जून करतात. जपानी इंजिनाची ऑइलची पट्टी आणि ऑइल ओतायचं तोंड पुन्हा नंबर प्लेटमागे आणून ठेवतात. पहाटे उठलं, प्लेट खाली ओढली, पट्टी फडक्याने पुसून परत घातली. वर गादीवर कुणी कूस बदलली तर तेवढा आवाज येतो.