डच भाषेतील ‘नीट’ आणि मराठी कान

नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये गेलेली अनेक मराठी कुटुंबे अॅमस्टलव्हेन, आइंडहोव्हन अशा शहरांत स्थिरावली आहेत. पुढे तेथील नागरिकत्व हवे असेल, तर सर्वसाधारणपणे डच भाषेची परीक्षा द्यावी लागते. ही भाषा आपली मंडळी बहुधा इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

डचमध्ये नकारासाठी ‘नीट’ हा शब्द आहे. ‘इक वेर्क नीट’ म्हणजे ‘मी नीट काम करतो’ नव्हे, तर ‘मी काम करत नाही’! मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी येते आणि निश्चित कर्म असल्यास ‘नीट’ त्याच्या मागून येतो. ‘इक लेस हेट बूक नीट’ म्हणजे शब्दशः ‘मी वाचतो ते पुस्तक नाही’. मात्र ‘ओमडाट’, अर्थात ‘कारण’, हा शब्द आला की क्रियापद थेट शेवटी जाते: ‘ओमडाट इक हेट बूक नीट लेस’. इंग्रजी पुस्तके या रचनेचा मोठा बाऊ करतात. सावली-मूलकडच्या वाचकाने ती सरळ मराठीत उतरवून पाहावी: ‘कारण मी ते पुस्तक नाही वाचत’. आपल्याकडे असे सर्रास बोलले जाते. एकही शब्द हलवावा लागत नाही. सराव करायचा तो साध्या वाक्याचा.

खरी अडचण ‘खेन’ या शब्दाची. अनिश्चित नामाला ‘नीट’ चालत नाही. ‘इक हेप खेन टेइट’, म्हणजे मला वेळ नाही. ‘एक’ आणि नकार यांचा हा जणू मिलाफ. (सिरोंच्याकडील तेलुगूत तर ‘रानु’ या एकाच शब्दात ‘मी येणार नाही’ सामावते.) मराठीत ‘ते पुस्तक नाही’ आणि ‘पुस्तकच नाही’ या दोहोंना एकच ‘नाही’ पुरतो, म्हणून येथे चूक हटकून होते.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे. ‘इक कोम वानडाख नीट’ म्हणजे मी आज येत नाही. ‘इक कोम नीट वानडाख, मार मोर्खेन’ म्हणजे मी आज नव्हे, उद्या येईन. आपला ‘नव्हे’ शब्दामागून येतो, त्यांचा ‘नीट’ शब्दाआधी. दवाखान्यातील भेटीची वेळ बदलून घेताना पहिलेच वाक्य उच्चारून थांबलात, तर उद्याची वेळ मिळणारच नाही.